आभाळ आलंय, आज नको

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यातली दुपार. सिंहगडाच्या बाजूने ढग चढत होते. कॉम्प्युटर रिक्षात मांडीवर धरून मी मामाच्या दुकानात पोचलो. पुण्याच्या बुधवार पेठेत, तपकीर गल्लीपासून दोन मिनिटांवर, एका जुन्या वाड्याच्या जिन्याखाली मामा १९९८ पासून कॉम्प्युटर दुरुस्त करतो. धाकटी बहीण सोबत होती. हिंजवडीतल्या एका कंपनीतली तीनशेच्या वर मशीन्स तिच्या जबाबदारीवर आहेत.

काम मला छोटं वाटत होतं. मी पुस्तकांची पानं लावतो, जुन्या पुस्तकांची स्कॅन केलेली पानं साफ करतो. २०१९ साली घेतलेलं मशीन आता दमायला लागलं होतं. बी४५० चिपसेटचा बोर्ड आणि त्यावर रायझन ५ २६००. एएमडीने एएम४ हे सॉकेट इतकी वर्षं चालवलं की २०२२ सालचा रायझन ७ ५७००एक्स त्याच बोर्डावर बसतो. नवा बोर्ड नको, नवी रॅम नको. फक्त आधी बायोस अपडेट करायचा, कारण २०१९ च्या बायोसला हा प्रोसेसर ओळखीचाच नाही.

मामाने कॅबिनेट टेबलावर घेतलं, बाजूचं झाकण काढलं, ब्लोअर मारला आणि दाराबाहेर मान काढून वर पाहिलं.

"आभाळ आलंय. आज नको."

"मामा, पाच मिनिटांचं काम आहे," बहीण म्हणाली. "यूपीएस आहे की तुझ्याकडे."

"आहे. पण पाच मिनिटांचं काम उद्या सकाळी केलं तरी पाच मिनिटांचंच राहणार आहे. घाई कशाची?"

तिथून जे बोलणं सुरू झालं ते दिवेलागणीपर्यंत चाललं. ते लिहून ठेवावंसं वाटलं, कारण आता घराघरात असं एखादं मशीन असतं आणि त्याच्या मालकाला कधी ना कधी हा निर्णय घ्यावा लागतो. त्याच्या कानावर बहुधा एकच बाजू पडते. दुकानदार म्हणतो हात लावू नका, व्हिडिओ सांगतो दोन मिनिटांत उरका. मला दोन्ही बाजू एकाच टेबलावर ऐकायला मिळाल्या, आणि दोन्ही बाजूंना अनुभव होता.

"बाकीच्या अपडेटमध्ये आणि यात फरक काय, ते आधी तुझ्या दादाला कळू दे," मामा म्हणाला आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक बोर्डाच्या एका कोपऱ्यात टेकवलं. "ही आयसी बघ. आठ पायांची, करंगळीच्या नखाच्या निम्मी. सोळा एमबीची आहे. तुझ्या एका स्कॅनची फाइल याहून मोठी असेल. पण मशीन चालू केलं की पहिलं वाचन इथून होतं. समोर रॅम बसलीय हेसुद्धा त्या वेळी मशीनला माहीत नसतं. रॅम जागी कशी करायची, कीबोर्ड कुठे आहे, डिस्क कुठली, सगळं हिच्यात लिहिलेलं. विंडोज बिघडलं तर पेनड्राइव्हवरून परत टाकता येतं, कारण पेनड्राइव्ह वाचायचा कसा हे सांगायला ही जागेवर असते. हीच अर्धवट राहिली तर? पंखे फिरतात, दिवे लागतात, डिस्प्ले येत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, अहो, चालू तर होतंय."

"आणि लिहिण्याआधी पुसावं लागतं," बहिणीने त्याचंच वाक्य पुढे नेलं.

"पुसावं लागतं. जुन्यावर नवं गिरवता येत नाही. एक तुकडा पुसायचा, त्यात लिहायचं, वाचून ताडून बघायचं, मग पुढचा. मध्येच लाईट गेली तर काही नवं, काही जुनं, आणि मधे कोरा पट्टा."

मामाची ही भीती ऐकीव नाही. १९९९ च्या २६ एप्रिलला, सोमवारी, दुकान उघडून त्याला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा सीआयएच नावाचा व्हायरस जागा झाला. तैवानच्या चेन इंग-हाउ या विद्यार्थ्याने तो १९९८ मध्ये लिहिला होता. चेर्नोबिल अपघाताची तारीख तीच, म्हणून लोक त्याला चेर्नोबिल व्हायरस म्हणायला लागले. तो हार्ड डिस्कवरच्या माहितीवर कचरा लिहायचा, आणि काही विशिष्ट चिपसेटच्या बोर्डांवर तर थेट बायोसची आयसीच खराब करायचा.

"तोपर्यंत मला वाटायचं, सॉफ्टवेअर बिघडलं तर फार तर फॉरमॅट मारू," मामा सांगत होता. "त्या आठवड्यात पहिल्यांदा कळलं की सॉफ्टवेअरने बोर्ड मरतो. नशीब, तेव्हा बऱ्याच बोर्डांवर आयसी सॉकेटमध्ये बसवलेली असायची. मग काय करायचं? तसाच दुसरा चांगला बोर्ड घ्यायचा, तो चालू करायचा, आणि चालू मशीनमधून त्याची चांगली आयसी उपटायची. तिच्याखालून आधीच दोरा ओवून ठेवलेला असायचा. तिच्या जागी मेलेली आयसी बसवायची आणि तिच्यावर बायोस मारायचा. हात थरथरला की दोन्ही बोर्ड गेले. मी त्या दिवसांत तीन वेळा केलं. तिन्ही वेळा आधी हात धुऊन आलो होतो, घाम पुसायला."

"हे मी पहिल्यांदा ऐकतेय," बहीण म्हणाली. ती खरोखर ऐकत होती.

"आणि दुसरं सांगतो, ते कधी कुणाला सांगितलं नाही. दोन हजार आठ-नऊची गोष्ट असेल. एक बाई टायपिंगची कामं घ्यायच्या. मशीन साफ करायला दिलं होतं, बाकी काही तक्रार नव्हती. मी पाहिलं, बायोसची नवी आवृत्ती आलीय. आपण गिऱ्हाइकासाठी काहीतरी जास्तीचं करतोय या भावनेने मारायला घेतला. लाईट गेली. यूपीएस होता, त्याची बॅटरी मेलेली होती. आयसी बोर्डावर सोल्डर केलेली आणि माझ्याकडे तेव्हा ना हॉट एअर गन, ना प्रोग्रामर. बोर्ड मी खिशातून भरून दिला, त्याचं काही नाही. पण त्यांचं चार दिवसांचं काम बुडालं, आणि त्यांनी मला ते करायला सांगितलंच नव्हतं." मामा थोडा थांबला. "तेव्हापासून चालत्या मशीनच्या बायोसला मी हात लावत नाही."

बाहेर पहिला गडगडाट झाला. बहिणीने लगेच उत्तर दिलं नाही. दिलं तेव्हा आवाज खाली आणून दिलं.

"मामा, तुझं ते दुःख मला समजतं. पण 'चालतंय' हा शब्द तू ज्या अर्थाने वापरतोस ना, तो अर्थ आता उरलेला नाही. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचं काय झालं ते बघ. डेस्कटॉपचे प्रोसेसर, लोकांनी घेतले, महिनोन्‌महिने छान चालले. आतून मात्र प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्याने स्वतःच झिजत होता. मग गेम बंद पडायला लागले, रेंडरिंग अर्ध्यात तुटायला लागलं. ऑगस्ट २०२४ मध्ये इंटेलने नवा मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर, दिला, सप्टेंबरात आणखी एक, आणि तो लोकांपर्यंत पोचला तो बायोस अपडेटमधूनच. वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आणि स्पष्ट सांगितलं की झालेली झीज यातून भरून निघणार नाही, पुढची फक्त थांबेल. म्हणजे ज्याने वेळेवर अपडेट केला त्याचा प्रोसेसर वाचला. 'चालतंय ना, मग राहू दे' म्हणणाऱ्याचा रोज थोडा थोडा मरत होता. चालता चालता."

मामाने हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"एएमडीचंही तसंच," ती म्हणाली. "एप्रिल २०२३ मध्ये एएम५ बोर्डांवर काही ७८००एक्स३डी प्रोसेसर जळाले. सॉकेटसकट. मग बायोसमधून एसओसीचं व्होल्टेज १.३ च्या वर जाऊ नये अशी मर्यादा घातली. ती मर्यादा जुन्या बायोसमध्ये नाही. तुझ्या दुकानात असा बोर्ड आला तर तू हात लावणार नाहीस?"

"त्याला लावीन," मामा म्हणाला. "कारण तिथे कारण आहे. पण तुमच्याकडे कारण विचारत नाहीत गं. आलं की टाकलं. जानेवारी २०१८ आठवते? स्पेक्टर आणि मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटींचा गाजावाजा झाला. घाईघाईने मायक्रोकोड आले, ज्यांनी लगेच टाकले त्यांची मशीन्स आपोआप रीस्टार्ट व्हायला लागली. २२ जानेवारीला इंटेलनेच सांगितलं की थांबा, हे टाकू नका. जो महिनाभर थांबला तो शहाणा ठरला."

"आठवतं. मी तेव्हा नोकरीला नवी होते. आम्हीही काही मशीन्सवर मागे फिरलो."

"मग?"

"मग आता मी आधी पाच मशीन्सवर टाकते, दोन आठवडे बघते, मग बाकीच्या. पण टाकते. तू थांबतोस तो थांबूनच राहतोस."

हे तिचं वाक्य मामाला लागलं असावं. त्याने चहा सांगितला.

पाऊस सुरू झाला. पत्र्यावर असा आवाज की बोलणं ऐकू येईना. वाड्याच्या चौकातून पाणी वाहत जिन्यापर्यंत आलं, मामाने कॅबिनेट उचलून वरच्या फळीवर ठेवलं. अर्ध्या तासाने पाऊस उघडला. लाईट गेली नव्हती, एकदा लुकलुकलीसुद्धा नाही.

"बघ, नाही गेली," बहीण म्हणाली. "एव्हाना झालं असतं."

"नाही गेली," मामा म्हणाला. "ते अर्ध्या तासापूर्वी मला ठाऊक नव्हतं. तुलाही नव्हतं."

इथे मला मामाचं म्हणणं पूर्णपणे पटलं. जे काम उद्या करता येतं त्यासाठी आजची जोखीम घ्यायची नाही, यात भित्रेपणा काही नाही.

बहिणीने मग दुसरी बाजू मांडली. आताच्या बऱ्याच बोर्डांवर मागच्या बाजूला एक छोटं बटन असतं. प्रत्येक कंपनीचं त्याला नाव वेगळं, काम एकच. बोर्डावर एक वेगळा छोटा कंट्रोलर असतो, तो एसएमपीएसच्या स्टँडबाय विजेवर जागा राहतो. प्रोसेसर नसला, रॅम नसली तरी चालतं. एफएटी३२ केलेल्या पेनड्राइव्हवर कंपनीने ठरवून दिलेल्या नावाची फाइल ठेवायची, खूण केलेल्या यूएसबी पोर्टमध्येच तो लावायचा, बटन दाबून धरायचं. दिवा लुकलुकत राहतो, पाच-सात मिनिटांनी विझतो. अर्ध्यात लाईट गेली तरी परत बटन दाबायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं.

"यात लोक एकाच ठिकाणी अडकतात," ती म्हणाली. "विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट लपवतं. आपण नाव बदलताना डॉट रॉम लिहितो, ते आधीच लपून बसलेलं असतं, म्हणजे होतं डॉट रॉम डॉट रॉम. दिवा नुसता पेटून राहतो, आणि लोक म्हणतात बोर्ड खराब. किंवा झिपची फाइल न उघडता तशीच ठेवतात."

"दादाच्या बोर्डावर आहे ते बटन?" मामाने विचारलं.

तिने कॅबिनेट फिरवून पाहिलं. नव्हतं. २०१९ साली मी स्वस्तातला बोर्ड घेतला होता.

"म्हणजे आपण माझ्याच काळात आहोत," मामा म्हणाला, आणि ड्रॉवरमधून एक काळं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. सीएच३४१ए प्रोग्रामर, आठ पायांवर बसणारी क्लिप आणि सोबत वायर. काही शे रुपयांत मिळतो. "आता निदान हा आहे. पण यालाही भरवसा नको. काही आयसी १.८ व्होल्टच्या असतात, त्यांना याने सरळ ३.३ दिले की संपलं. आणि मारण्याआधी जुनं वाचून ठेवायचं. लॅपटॉप असेल तर त्या आयसीत त्याचा सीरियल नंबर असतो, विंडोजची कीसुद्धा असते. नेटवरून उतरवलेली फाइल सरळ मारली की ते सगळं पुसलं जातं."

मग दोघांनी लॅपटॉपवर माझ्या बोर्डाचं पान उघडलं, आणि खरं काम तिथे सुरू झालं. आधी बोर्डाचं नाव. तेच नाव, पुढे दोन आकडा लावलेला वेगळा बोर्ड, वायफाय लिहिलेला वेगळा, आणि एकाच नावाच्या बोर्डाच्याही आवृत्त्या वेगळ्या. बिल पाहून चालत नाही, खोक्यावरचं पाहूनही नाही. बोर्डावर, स्लॉटांच्या मधे किंवा काठाला जे छापलेलं असतं तेच खरं. मामाने टॉर्च धरला, बहिणीने अक्षर अक्षर वाचलं.

"सगळ्यात वरची घेऊ," ती म्हणाली आणि यादीच्या माथ्यावरच्या आवृत्तीवर गेली.

"खालची ओळ वाच आधी."

तिने वाचली. पिनॅकल रिज प्रोसेसर बसवलेला असताना ही आवृत्ती टाकू नये. रायझन ५ २६०० हा पिनॅकल रिजच. म्हणजे ज्या प्रोसेसरवर मशीन चालू होतं, त्याच्यासाठीच ती आवृत्ती नव्हती.

ती गप्प झाली. मग स्वतःहून म्हणाली, "मी ही टाकली असती."

यामागचं कारण त्या सोळा एमबीत आहे. एएम४ वर एकामागून एक प्रोसेसर येत गेले आणि प्रत्येकाला त्या आयसीत जागा हवी होती. जागा संपली. काही बोर्डांवर बायोसमधली रंगीत चित्रं काढून साधा पडदा द्यावा लागला, काहींवर जुन्या प्रोसेसरची ओळख पुसावी लागली. मे २०२० मध्ये एएमडीने आधी सांगितलं होतं की पुढची पिढी बी४५० वर चालणार नाही. लोकांनी आवाज उठवला, आणि त्याच महिन्यात कंपनीने निर्णय फिरवला. त्या आवाजामुळेच माझ्या बोर्डाला हे दुसरं आयुष्य मिळत होतं. ज्यांनी तेव्हा भांडण केलं त्यांचे मी मनापासून आभार मानतो.

"म्हणून क्रम महत्त्वाचा," मामा मला म्हणाला. "नवा प्रोसेसर आधी बसवलास तर मशीन उठणारच नाही, आणि न उठलेल्या मशीनवर अपडेट कसा करणार? २०१८ साली एएमडीला लोकांना जुना प्रोसेसर उसना पाठवावा लागला होता, फक्त बायोस अपडेट करण्यापुरता. आपल्याकडे जुना आहे, तो बसलेलाच आहे. तो असतानाच करायचं."

मग बहिणीने प्रोसेसरची यादी उघडली. प्रत्येक बोर्डाच्या पानावर ती असते आणि फार थोडे लोक ती उघडतात. प्रत्येक प्रोसेसरसमोर तो कुठल्या आवृत्तीपासून चालतो ते लिहिलेलं असतं. ५७००एक्स समोरची आवृत्ती तिने लिहून घेतली आणि तिच्यात २६०० चाही आधार शिल्लक आहे ना, हे पाहिलं. होता. सगळ्यात नवीन नाही, आहे तीही नाही, या दोन्हींमधली एक. आणखी एक टीप होती: २०१९ च्या आवृत्तीवरून तिथे थेट उडी मारायची नाही, मधली एक आवृत्ती आधी टाकायची. म्हणजे अपडेट दोनदा.

"बाकीच्या ओळी वाच बरं," मामा म्हणाला. "काय लिहिलंय?"

"सिस्टिमची स्थिरता वाढवली."

"तिच्या खाली?"

"सिस्टिमची स्थिरता वाढवली."

"हे वाचून मी ठरवायचं, टाकू की नको?"

यावर दोघांचं एकमत झालं, आणि माझंही मत लिहितो. हे लोकांना अंधारात ठेवणं आहे. काय बिघडलं होतं, कुणाचं बिघडलं होतं, न टाकल्यास काय होईल, हे चार ओळींत सांगता येतं. लोकांना स्वतःच्या मशीनचा निर्णय घ्यायला सांगायचं आणि निर्णयासाठी लागणारी माहिती द्यायची नाही, याने मामासारखी माणसं सगळ्याच अपडेटना घाबरतात, आणि बाकीचे सगळंच डोळे मिटून टाकतात. ज्या कंपन्या दोष नीट लिहितात, कुठल्या सुरक्षा-त्रुटीवरचा उपाय आहे ते सांगतात, त्यांचे बोर्ड मी पुढच्या वेळी चार पैसे जास्त देऊन घेईन.

निघताना बहिणीने मला विचारलं, "दादा, डिस्कवर बिटलॉकर आहे ना तुझ्या?"

होतं. लोकांची अप्रकाशित पुस्तकं माझ्याकडे असतात, म्हणून मीच लावून घेतलं होतं.

"रिकव्हरी की कुठे आहे?"

मला माहीत नव्हतं. मामाने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "याचा बायोसशी काय संबंध?"

"मामा, डिस्कचं कुलूप उघडायची किल्ली टीपीएममध्ये असते, आणि टीपीएम ती तेव्हाच सोडतं जेव्हा मशीन कालच्यासारखंच दिसतं. बायोस बदलला की ते वेगळं दिसतं. इथे तर प्रोसेसरही बदलतोय, आणि याचं टीपीएम प्रोसेसरच्या भरवशावर चालतं. उद्या नवा प्रोसेसर बसला की काळ्या पडद्यावर विचारेल, टीपीएम नव्याने सुरू करू का. हो म्हटलं की जुनी किल्ली गेली. मग ४८ आकड्यांची रिकव्हरी की नसेल तर डिस्क शाबूत आणि आतलं काही मिळणार नाही. लोकांना वाटतं आपण कुलूप लावलेलंच नाही. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर ते आधीपासून लागलेलं असतं."

मामा बराच वेळ काही बोलला नाही. "गेल्या दिवाळीत एकाचा लॅपटॉप आला होता," तो शेवटी म्हणाला. "निळा पडदा, आकडे मागत होता. मी डिस्क खराब समजलो." त्याने आपली डायरी काढून बिटलॉकर हा शब्द लिहून घेतला, आणि खाली एक रेघ मारली.

त्या रात्री मशीन परत घरी नेऊन आम्ही की शोधली. माझ्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात होती. बहिणीने ती कागदावर उतरवायला लावली आणि परत वाचून ताडून घेतली. बिटलॉकर तात्पुरतं थांबवलं, तेही मी परत सुरू करेपर्यंत थांबलेलं राहील असं सांगून. नुसतं थांबवलं तर पुढच्या रीस्टार्टला ते आपोआप सुरू होतं, आणि आमच्या यादीत दोन अपडेट आणि एक प्रोसेसर होता. माझ्या कामाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली.

सकाळी साडेसातला दुकान उघडलं. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं.

मामाने आधी माझं मशीन यूपीएसवर चालू केलं आणि भिंतीतला प्लग काढून टाकला. दहा मिनिटं आम्ही नुसते बसलो. यूपीएसने मशीन ओढलं. "आता याच्यावर विश्वास," म्हणत त्याने प्लग परत लावला. बायोसमध्ये जाऊन त्याने आताच्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढले, मग सगळं मूळ सेटिंगवर आणलं. रॅम वाढीव वेगावर चालत असताना बायोस मारायचा नाही हा त्याचा नियम आहे, आणि तो बरोबर आहे. वाचताना रॅममध्ये एक अक्षर चुकलं तर तेच आयसीत लिहिलं जायचं.

पेनड्राइव्ह बहिणीचा होता, आठ जीबीचा, ओळखीच्या दुकानातून घेतलेला. खोट्या क्षमतेचे पेनड्राइव्ह रस्त्यावर पुष्कळ मिळतात. फाइल त्यात जाते, बाहेर येताना तुटकी येते. एफएटी३२ फॉरमॅट, आत फक्त दोन फाइली, झिपमधून बाहेर काढलेल्या. तो मागच्या पोर्टमध्ये लावला, पुढच्या पॅनलमध्ये नाही. विंडोजमधून अपडेट करायचा का, यावर काल त्यांचं थोडं वाजलं होतं. ती तिच्या कंपनीच्या लॅपटॉपवर तसंच करते. तिथे बॅटरी असते, चार्जर लावला नसेल तर बहुतेक लॅपटॉप अपडेट सुरूच करत नाहीत. डेस्कटॉपवर मात्र तिनेही मामाचं ऐकलं आणि बायोसच्या आतल्या सोयीने करायचं ठरलं. तिथे मधे विंडोज नाही, अँटिव्हायरस नाही.

पडद्यावर फाइलमधलं बोर्डाचं नाव आणि तारीख आली. बहिणीने मोठ्याने वाचली, मामाने टॉर्च मारून बोर्डावरची अक्षरं वाचली. जुळली. मामाने रीसेटच्या बटनावर चिकटपट्टी लावली, पॉवरच्या बटनावरही. मग हो म्हटलं.

पुसणं. लिहिणं. पडताळणं. पट्टी सरकत होती आणि तिघांपैकी कुणी खुर्चीत हललं नाही. मामाचा एक हात यूपीएसवर होता, जणू धरून ठेवल्याने तो बंद पडणार नव्हता. पट्टी पूर्ण झाली, पडदा काळा पडला. हा काळा पडदा भयंकर असतो. रॅमची ओळख नव्याने करून घेताना मशीनला दोन-तीन मिनिटंही लागतात, मधे आपोआप बंद होऊन परत चालू होतं. याच वेळी माणसं घाबरून पॉवरचं बटन दाबतात. आमच्या बटनावर चिकटपट्टी होती. पडदा उजळला, मधली आवृत्ती दिसली. मग दुसरी फाइल, तेच सगळं परत, आणि तेवढीच भीती परत.

प्रोसेसर बदलायला वीस मिनिटं लागली. एएम४ वर जुना प्रोसेसर पेस्टने कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून मामाने मशीन आधी थोडं तापवलं, मग बंद करून कूलर ओढण्याऐवजी पिळून सोडवला. नवा बसला. चालू केल्यावर बहिणीने सांगितलेला प्रश्न पडद्यावर अगदी तसाच आला, टीपीएम नव्याने सुरू करू का. माझ्या खिशात ४८ आकड्यांचा कागद होता. मी हो म्हटलं. विंडोज आलं, आकडे न मागता.

मी पिशवी उचलली तर मामा म्हणाला, "थांब." त्याने परत बायोस उघडला. ३२०० ची रॅम २१३३ वर चालत होती, कारण सगळं मूळ सेटिंगवर आलेलं होतं. सकाळच्या फोटोंवरून एकेक पान लावलं, रॅमचा वेग, पंख्यांचे आकडे, डिस्कचा क्रम. बरेच लोक हे करतच नाहीत आणि नवा प्रोसेसर घालूनही मशीन संथच कसं, म्हणत राहतात. बहिणीने बिटलॉकर परत सुरू करून दिलं.

झाकण लावण्याआधी मामाने एक पांढरं स्टिकर कापलं. त्यावर बारीक अक्षरात बोर्डाचं पूर्ण नाव, आधीची आवृत्ती, मधली, आताची आणि तारीख लिहिली. मग पेन बहिणीपुढे केलं. तिने खाली एक ओळ वाढवली: अपडेटचं कारण, ५७००एक्स. मामाने ते स्टिकर कॅबिनेटच्या आतल्या बाजूला, पुढच्या माणसाला झाकण काढताक्षणी दिसेल असं चिकटवलं आणि अंगठ्याने चारही कोपरे दाबले.